हरवायला तरी एकमेकांच्या गावात जायला पाहिजे

थोडं लांबलंय, पण फुटबॉल आवडणाऱ्यांनी आणि न आवडणाऱ्यांनीही वाचावं.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचं वेड काय आहे ते नव्यानं सांगायला नको. वर्ल्ड कप आला की पेठेपेठेत अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे लागतात, चौकात मेस्सीचे कटआऊट उभे राहतात. युरोपातल्या क्लबांचे बदली खेळाडूसुद्धा पोरांना तोंडपाठ. पण यातल्या कुणालाही विचारा, "भावा, यंदा संतोष ट्रॉफी कुणी जिंकली?" बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रिकेटला जशी रणजी, तशी फुटबॉलला संतोष ट्रॉफी. राज्याराज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा. १९४१ पासून चालू आहे, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीपासून. राज्यांबरोबर सेनादल आणि रेल्वे यांचेही संघ खेळतात.

आता हे सगळं आजच का लिहितोय? कारण मोबाइल उघडला की रोज कुठलं ना कुठलं राज्य दुसऱ्या राज्याशी भांडताना दिसतं. भाषा, नोकऱ्या, पाणी, सीमा. आम्ही तर सीमेजवळचीच माणसं, बेळगावचा विषय आमच्या जेवणाच्या ताटावर निघतो. त्यामुळं 'राष्ट्रीय एकात्मता' असं कुठं बॅनरवर दिसलं की मी आधी खालचे फोटो बघतो, बॅनर कुणी लावलाय ते. भाषणं होतात, शपथ होते, चहा-बिस्कीट होतं आणि माणसं घरी जाऊन त्याच ग्रुपवर तेच मेसेज पुढं ढकलतात.

संतोष ट्रॉफीत भाषण नसतं. तिथं समोरच्याला हरवायचंच असतं. आणि माझं म्हणणं असं की एकत्र राहायला माणूस तिथंच शिकतो.

आधी या ट्रॉफीच्या नावाचीच गोष्ट बघा. संतोष हे कुणा माणसाचं नाव नाही, ते एक गाव आहे. तिथले जमीनदार महाराजा सर मन्मथनाथ रॉय चौधरी हे इंडियन फुटबॉल असोसिएशनचे प्रमुख होते. नावात 'इंडियन' असलं तरी ही बंगालची संघटना. त्यांच्या निधनानंतर संघटनेनं त्यांच्या आठवणीत ट्रॉफी दिली. पहिल्या वर्षी बंगालनं दिल्लीला हरवून ती जिंकली. पुढं सहा वर्षांत फाळणी झाली आणि संतोष गेलं पलीकडं. आज ते बांगलादेशातल्या टांगाइलजवळ आहे. म्हणजे आपल्या राष्ट्रीय स्पर्धेचं नाव ज्या गावावरून पडलं, ते गाव आज आपल्या देशात नाही. तरी नाव तेच राहिलं. सध्याच्या दिवसांत गावांची, रस्त्यांची नावं किती पटापट बदलतात ते बघितलं की याचं जास्तच नवल वाटतं.

उपविजेत्याला मिळते ती कमला गुप्ता ट्रॉफी. डॉ. एस. के. गुप्ता यांनी पत्नीच्या नावानं दिलेली. तिसऱ्या क्रमांकासाठी होता संपंगी कप, म्हैसूरच्या संघटनेनं आपल्या एका खेळाडूच्या आठवणीत दिलेला. एक जमीनदार, एका डॉक्टरची बायको आणि दक्षिणेतला एक खेळाडू. ही तीन नावं एका स्पर्धेत बसली, त्यासाठी कुणाला वटहुकूम काढावा लागला नाही.

आता मी स्वतः बघितलेली गोष्ट. मार्च २०१७. संतोष ट्रॉफीची अंतिम फेरी गोव्यात होती आणि फायनलला पोचले होते गोवा आणि बंगाल. आम्ही चौघं गाडी काढून आंबोली घाटानं उतरलो आणि बांबोळीच्या स्टेडियमवर पोचलो. सगळं मैदान गोव्याच्या बाजूनं. आम्हीपण गोव्याच्याच बाजूनं, शेजारी म्हणून. आमच्या मागच्या ओळीत बंगाली माणसांचा एक घोळका होता, गोव्यात हॉटेलात काम करणारी पोरं असावीत. नव्वद मिनिटं ०-०. जादा वेळही संपत आलेला. आणि ११९ व्या मिनिटाला बंगालनं गोल मारला. आमच्या मागं जो आवाज झाला! पुढची एक-दोन मिनिटं बाकीचं मैदान गप.

गोल कुणी मारला? मनवीर सिंगनं. जालंधरकडचा पंजाबी पोरगा, तो त्या वर्षी कोलकात्यात मोहम्मेडन स्पोर्टिंगकडं खेळत होता आणि म्हणून बंगालच्या संघात होता. पंजाबच्या पोरानं बंगालसाठी गोल मारून गोव्याला गोव्यात हरवलं. आमच्या शेजारी एक वयस्कर गोंयकार बसले होते. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग उठताना कोकणीत म्हणाले, पोरगा बरा आहे, आपल्याकडं पाहिजे.

आणि खरंच तसं झालं. त्याच वर्षी एफसी गोवानं मनवीरला घेतलं. ज्यानं मार्चमध्ये रडवलं, त्याच्याच नावानं पुढच्या मोसमात गोवेकर फातोर्ड्याला ओरडत होते. मला एकात्मतेचा अर्थ विचाराल तर मी हे सांगीन. कुणी कुणाला मिठी मारायला सांगितलेली नव्हती. पोरानं चांगला खेळ केला, समोरच्यानं तो ओळखला, एवढंच.

हे काही पहिल्यांदा झालं नाही. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळात भारतानं फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं, दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्या संघातला फॉर्च्युनाटो फ्रँको गोव्यातला, जन्म पोर्तुगीज राजवटीतला, आणि खेळायचा मुंबईत टाटांच्या संघाकडून. जर्नेलसिंग पंजाबचा, लहानपणी फाळणीत लायलपूरकडून इकडं आलेल्या घरातला, आणि लाडका कुणाचा, तर कोलकात्यातल्या मोहन बागानच्या लोकांचा. डोक्याला टाके पडलेले असताना त्यानं फायनलला गोल केला. दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा. चुनी गोस्वामी कप्तान. हैदराबादी कोचनं बंगाली, पंजाबी, गोवेकर पोरं एकत्र खेळवली. पण ही पोरं त्याला सापडली कुठं? राज्याराज्यांच्या सामन्यांतच. एकमेकांना पाडून, लाथा खाऊन, हरवून ती एकमेकांना ओळखायला लागली होती.

आम्हाला कोल्हापुरात हे चटकन समजतं, कारण आमचा फुटबॉलच तसा आहे. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी मंडळ, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ सामना असला की सख्खे मावसभाऊ दोन बाजूंना बसतात आणि त्या दिवशी एकमेकांचा फोन उचलत नाहीत. पण तीच पोरं जिल्ह्याच्या संघात एकत्र येतात. तिथून एखादा महाराष्ट्राच्या संघात जातो, मग तो कुठल्या पेठेचा हे कुणी विचारत नाही, 'आपल्या कोल्हापूरचा' एवढंच. आपला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताकडून खेळला तेव्हा सगळ्या पेठा एकाच टीव्हीपुढं होत्या. पेठ, जिल्हा, राज्य, देश अशी ही शिडी आहे. संतोष ट्रॉफी म्हणजे त्यातली राज्याची पायरी. ती काढली तर पेठेतल्या पोराला देश फक्त टीव्हीवर दिसणार.

कुणीतरी म्हणेल, फुटबॉलनं भांडणंपण लागतात. लागतात की. आमच्याकडं हुल्लडबाजीमुळं सामने थांबलेत, पोलिसांनी काठ्या चालवल्यात, पोरांवर केसेस झाल्यात. मी ते झाकणार नाही. पण तिथं बघा, गोंधळ कधी होतो? जेव्हा शिट्टी मानली जात नाही तेव्हा. जिथं दोघांनी एकच नियम आणि एकच पंच मान्य केलाय तिथं कितीही चुरस असू दे, संध्याकाळी माणसं घरी जातात. राज्याराज्यांच्या भांडणातही तेच आहे. भांडणाचं भ्यायचं कारण नाही, दोघांनी मानलेला पंच नसेल त्याचं भ्यायचं.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती जरा जड आहे.

आमच्या पेठेत दरवर्षी परगावचे, परराज्यातले खेळाडू येतात. आफ्रिकेतलेपण येऊन गेलेत. एका मोसमात मणिपूरचा एक पोरगा आला. नाव सांगत नाही. तालमीच्या वरच्या खोलीत राहायचा. पहिल्या आठवड्यात काही टवाळखोरांनी त्याला मुंबई-पुण्यात या पोरांना मारतात तसली हाक मारली. एका काकूंनी, ज्यांच्याकडं त्याचं जेवण लावलं होतं, त्यांनी त्या टवाळखोरांची अशी काढली की परत कुणाची हिंमत झाली नाही. महिन्याभरात तो भाकरी मोडून रश्श्यात कुस्करायला शिकला. "मावशी, तिखट कमी" एवढं मराठी आलं, मग "नाद खुळा" आलं. त्याचं स्वप्न एकच, मणिपूरची जर्सी घालून संतोष ट्रॉफी खेळायची. २००२-०३ साली मणिपूरनं ती जिंकली होती, त्याच्या घरात अजून त्याच्या गोष्टी सांगतात म्हणाला.

मोसम संपला, तो गेला. आणि ३ मे २०२३ ला मणिपूर पेटलं. तिथलं इंटरनेट बंद झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला मेसेज टाकला की एकच टिक. साधा फोन लागायचा नाही, लागला तर तुटायचा. आमच्या कट्ट्यावरची पोरं, ज्यांनी तोवर मणिपूर नकाशात दाखवलं नसतं, ती रोज सकाळी पेपरात चुराचांदपूर, इंफाळ अशी नावं शोधायला लागली. तो मैतेई आहे की कुकी हे आमच्यातल्या कुणी त्याला कधी विचारलंच नव्हतं. काकू रोज तालमीत येऊन विचारायच्या, "लागला का फोन?" बऱ्याच दिवसांनी त्याचाच फोन आला. अर्धा मिनिट. बरा आहे म्हणाला आणि काकूंना सांग म्हणाला.

फुटबॉलनं तो जाळ विझवला असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे तिथं ज्यांची घरं गेली त्यांची थट्टा आहे. पण त्याच सप्टेंबरमध्ये भूतानमध्ये १६ वर्षांखालील पोरांची सॅफ स्पर्धा झाली. भारताच्या २३ जणांच्या संघात १६ जण मणिपूरचे होते आणि त्यात मैतेईही होते, कुकीही होते. गावी एकमेकांच्या भागात पाऊल टाकता येत नव्हतं, तेव्हा ही पोरं एकमेकांना पास देत होती. फायनलला बांगलादेशला २-० हरवून कप घेऊन आली. आणि मार्च २०२४ मध्ये अरुणाचलमधल्या युपियाला मणिपूर संतोष ट्रॉफीच्या सेमीफायनलला खेळलं. समोर गोवा. आमच्या कट्ट्यावर मोबाइलवर सामना लावला तर पोरांत दोन तट. अर्धी शेजारी म्हणून गोव्याकडं, अर्धी त्या पोरापायी मणिपूरकडं. मणिपूर १-० पुढं होतं, शेवटच्या क्षणी गोव्यानं बरोबरी केली आणि जादा वेळेत २-१ नं काढला सामना. मणिपूर हरलं म्हणून कोल्हापुरात कुणाचं तरी जेवण गेलं नाही त्या रात्री. ही एवढीच माझ्याकडची एकात्मता आहे. लहान आहे, पण खोटी नाही.

आता जी गोष्ट खुपते ती.

आयएसएल आल्यापासून पैसा आणि कॅमेरा तिकडं गेला. जावा, त्याला माझी हरकत नाही, आपली पोरं त्यातच कमावतात. पण संतोष ट्रॉफी मागच्या बाकावर गेली. २०२३ साली तर सेमीफायनल आणि फायनल नेल्या सौदी अरेबियात, रियाधला. तिकडं पोटासाठी गेलेले आपले लोक आले असतील, त्यांना आनंद झाला असेल, ते मान्य. पण मेघालय पहिल्यांदा फायनलला पोचलं होतं, कर्नाटक १९६८-६९ नंतर पहिल्यांदा जिंकत होतं. ५४ वर्षांनी! ३-२ असा भारी सामना झाला आणि तो बघायला शिलाँगचा टॅक्सीवाला नाही, बंगळुरूचा रिक्षावाला नाही. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्या.

त्याच्या आदल्या वर्षी काय होतं? २ मे २०२२, केरळातलं मंजेरी. ईदच्या आदली रात्र. रमजानचे रोजे चालू, त्यामुळं उपास सोडून लोक रात्री मैदानात आलेले, पंचवीस हजारांच्या वर. केरळ विरुद्ध बंगाल, १-१, मग पेनल्टीवर केरळ जिंकलं. बंगालची पोरं हरली, पण एवढ्या लोकांसमोर खेळून गेली. त्यांना ती रात्र जन्मभर पुरेल. आणि २०२४ च्या ३१ डिसेंबरला हैदराबादला बंगालनं त्याच केरळला १-० हरवून उट्टं काढलं. त्यांचं ते ३३ वं विजेतेपद. शेवटच्या मिनिटांत गोल मारला रॉबी हांसदानं, खेड्यातल्या संथाल घरातला पोरगा, स्पर्धेत त्याचे १२ गोल. बंगाल सरकारनं त्या संघाला नोकऱ्या दिल्या.

आणि आपण? महाराष्ट्रानं ही ट्रॉफी चार वेळा घेतलीय. १९५४ साली मुंबई म्हणून, मग १९६३-६४, १९९०-९१ आणि १९९९-२००० ला. शेवटच्या दोन्ही वेळा केरळात जाऊन, केरळला हरवून. पंचवीस वर्षं होऊन गेली. आपल्या पोरांत दम नाही असं नाही. पण महाराष्ट्राच्या संघात निवड झालेल्या पोराचं कौतुक पेपरात चार ओळी आणि एका आमदाराचा फोटो, यापुढं जात नाही. पुढं नोकरीचं काय, हे त्याचे आईबाप विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे.

एक. संतोष ट्रॉफीचे गटसामने मोठ्या शहरातल्या रिकाम्या मैदानांवर नकोत, जिथं माणसं भिंतीवर चढून सामना बघतात तिथं द्या. मंजेरी, शिलाँग, इंफाळ, मडगाव. आणि शाहू स्टेडियम का नको? केएसए, जिल्ह्यातले खासदार-आमदार, राज्याची संघटना, सगळ्यांनी मिळून एक गट कोल्हापुरात मागावा.

दोन. महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या पोराला सरकारी भरतीत काय मिळतं, हे स्पष्ट लिहून जाहीर करा आणि ते वेळेत द्या. पोलीस, एसटी, महावितरण, कुठंही. बंगालला जमतं तर आपल्याला का नाही?

तीन. हे आपल्यासाठी. यंदा महाराष्ट्राचा संघ कुठं, कधी खेळतोय ते शोधा. संघातल्या अकरा पोरांची नावं पाठ करा. कोण वांद्र्याचा, कोण नागपूरचा, कोण पुण्याचा, कोण आपला, ते बघा. नावं वाचताना काही आडनावं मल्याळी निघतील, काही गोवेकर, काही ईशान्येकडची. ती महाराष्ट्राची जर्सी घालून घाम गाळतायत. त्यांना 'बाहेरचा' म्हणायच्या आधी एक सामना पूर्ण बघा.

आणि कोल्हापुरात गट आलाच, तर केरळ, कर्नाटक, मणिपूर जो संघ येईल त्याला मैदानात सोडायचं नाही, नव्वद मिनिटं रडवायचं. सामना झाला की त्यांच्या मुक्कामावर तांबडा-पांढरा पोचवायची जबाबदारी आमच्या पेठेची. काकूंना मी विचारलंय, त्या हो म्हणाल्यात.